सात वर्षं कशात धरायची?

गादी गुंडाळून त्यानं तिच्यावर गुडघा रोवला होता आणि नायलॉनच्या दोरीचं एक टोक दातात धरलं होतं, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला आधी नीट कळलंच नाही. गाठ पक्की झाल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "काकू, ही सात वर्षं आता कशात धरायची ओ?" आवाजात रड नव्हती, चीड नव्हती. अगदी कोरडा, हिशेबाचा आवाज. मी म्हटलं, आधी चहा घे. तो म्हणाला, घेतो, पण हे एवढं संपवून. मग स्टीलची पट्टी घेऊन भिंतीवर चिकटलेल्या सेलोटेपच्या कडा खरवडायला लागला. तिथे सात वर्षं महाराष्ट्रातल्या नद्यांचा नकाशा होता, त्याच्या शेजारी राज्यघटनेतल्या कलमांचा तक्ता, आणि खाली त्याच्याच अक्षरात 'पहाटे ४.३० उठणे'. टेपबरोबर डिस्टेंपरचे पापुद्रे निघत होते. नकाशा होता तेवढा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता. "रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापून घ्या बरं का," तो म्हणाला. सात वर्षांचा प्रश्न आणि रंगाचे पैसे, दोन्ही एकाच दमात.

आमची सदाशिव पेठेतली वरची खोली आम्ही कॉट बेसिसवर देतो. दोन कॉट, एक कपाट, एक खिडकी. एमपीएससीच्या, म्हणजे सरकारी अधिकारी व्हायच्या स्पर्धा परीक्षांच्या, अभ्यासासाठी परभणी, हिंगोली, लातूरकडची मुलं येतात. पहिल्या वर्षी ती फार बोलतात, दुसऱ्या वर्षी कमी, आणि तिसऱ्या वर्षापासून जिन्यावरून जाताना त्यांच्या चपलांचासुद्धा आवाज येत नाही. हा जिंतूर तालुक्यातला, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला. प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, बऱ्याचदा निघाली, मेन्स एकदाच, इंटरव्ह्यूपर्यंत पोचला आणि दोन मार्कांनी गेलं. 'दोन मार्कांनी गेलं' हे आमच्या पेठेत, एखादं जवळचं माणूस गेल्यावर बोलतात, त्या आवाजात बोलतात. मधे कोरोना आला, परीक्षा पुढे गेल्या. पॅटर्न बदलणार म्हणून सगळ्या शास्त्री रस्त्याची झोप उडाली. एक दिवस गावाकडून धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका आली. ती त्यानं माझ्या हातात दिली तेव्हाच मला वाटलं होतं, हा आता फार दिवस राहत नाही. वयाची अट अजून संपली नव्हती. खुल्या गटाला अडतीसपर्यंत मुभा असते. पण मुभा असणं वेगळं आणि धाकट्याच्या लग्नात वरमाईशेजारी उभं राहून 'सध्या काय करतोस' या प्रश्नाला उत्तर देणं वेगळं.

तो गेला. मी पोळी-भाजीचा डबा दिला होता, तो डबा एसटीच्या पार्सलनं परतही आला, आत मूठभर भुईमुगाच्या शेंगा घालून. प्रश्न मात्र इथंच राहिला.

'कशात धरायची' हे माझ्या कानाला इतकं चिकटलं, त्याला कारण माझी नोकरी. मी बँकेत होते, आणि नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं हातानं लिहायच्या लेजरची होती. संध्याकाळी डे बुक टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. फरक लाखाचा असो की सत्तावीस पैशांचा, मॅनेजरला दोन्ही सारखेच. फरक आला की आम्ही आधी त्याला नऊनं भागून बघायचो. भाग गेला की समजायचं, कुणीतरी आकडे उलटे मांडलेत. ७२ चे २७ केलेत, किंवा ५४ चे ४५. मग लाल पेन्सिल घेऊन व्हाउचरच्या गठ्ठ्यात शिरायचं. आणि एखादी रक्कम आलेली आहे, खरी आहे, पण कुणाच्या खात्याची तेच कळत नाही, अशी वेळ आली तर कुणीतरी म्हणायचं, "सस्पेन्सला टाका, उद्या बघू." तो उद्या कधी कधी वर्षभरानं यायचा. ऑडिटर आला की पहिलं बोट सस्पेन्सच्या जुन्या नोंदींवर ठेवायचा आणि चष्म्यावरून बघायचा. त्या मुलानं विचारलं तेव्हा माझ्या मनात क्षणात आलं ते हेच: सस्पेन्सला टाक बाबा, उद्या बघू. पण तीस वर्षं ओलांडलेल्या मुलाला असलं उत्तर देता येत नाही. त्याचा उद्या एसटी स्टँडवर उभा होता.

आयुष्याच्या अर्थाबद्दल विचार करायला हिमालयात वगैरे जायची गरज नाही. नवी पेठेत जावं. शास्त्री रस्त्यापासून आत वळलं की एका गल्लीत दोन-दोन, तीन-तीन अभ्यासिका. एकदा त्याचा डबा घरी राहिला म्हणून मी द्यायला गेले होते. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत प्लायवूडच्या आडोशांमागे ओळीनं माना खाली घातलेली मुलं-मुली. प्रत्येकाची खुर्चीला दोरीनं बांधलेली उशी, पाण्याची बाटली, एक छोटा पंखा. सत्तर-ऐंशी माणसं एका हॉलमध्ये आणि आवाज फक्त पानं उलटण्याचा. पुस्तकांच्या कागदाचा, ओडोमासचा आणि रात्रीच्या भाजीचा मिळून एक वास. आणि तिथून चालत काही मिनिटांवर वैकुंठ स्मशानभूमी. पुण्यातल्या निम्म्या लोकांचा शेवटचा पत्ता नवी पेठच असतो. चहाच्या टपरीवर मुलं चालू घडामोडी घोकत उभी असतात आणि समोरून शववाहिनी जाते. मुलं बाजूला होतात, हात कपाळाला आणि छातीला लागतो, एखादा पायातली चप्पल काढतो. गाडी वळली की पुन्हा राज्यपालांचे अधिकार सुरू. मला पहिल्यांदा हे पाहून कसंसंच झालं होतं. नंतर वाटलं, हाताशी मरण असताना राज्यपालांचे अधिकार पाठ करणं हीच तर आपल्या सगळ्यांची दिनचर्या आहे, फक्त आपल्या घरासमोर वैकुंठ नसतं. आमच्या वरच्या खोलीतला हा मुलगा एकदा म्हणाला होता, "पहिल्या वर्षी धूर दिसला की जेवण जायचं नाही काकू. आता धूर बघून वारा कुठून सुटलाय तेवढं कळतं." कोडगेपणा म्हणावं की शहाणपण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच्या प्रश्नाबद्दल मी घरी-दारी बोलले. बोलायला नको होतं असं म्हणणार नाही, कारण त्यामुळे माणसं कळली. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात एक निवृत्त साहेब आहेत. त्यांनी चालता चालता गीतेतला तो श्लोक टाकला, फळाची अपेक्षा न धरता कर्म करावं वगैरे. साहेब स्वतः मोठ्या पदावरून उतरलेले, कोथरूडला दोन फ्लॅट, मुलगी कॅलिफोर्नियात. माझं एक निरीक्षण आहे: फळाची अपेक्षा धरू नये असं सांगणाऱ्यांचं फळ बहुधा खाऊन झालेलं असतं. तसंच 'प्रवास महत्त्वाचा, मुक्काम नव्हे' म्हणणाऱ्यांचं. त्यांच्या खिशात परतीचं कन्फर्म तिकीट असतं. श्लोक खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो माझ्यासारखीनं खोटा ठरवावा एवढी माझी छाती नाही. पण तो रणांगणावर उभ्या असलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला सांगितलेला आहे. हातात लिंबू सरबत घेऊन बाकावर बसलेल्यानं तो दुसऱ्याच्या अंगावर फेकू नये.

याच्या उलट आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. ते स्पष्ट म्हणाले, वाया गेली. सात वर्षं शेतात काढली असती तर विहिरीला पाणी लागलं असतं. हे ऐकून मला राग आला आणि मी तावातावानं यादी सांगायला लागले. तो स्वयंपाक शिकला, ज्वारीची भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापतो. कॉटवरच्या दुसऱ्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा पाच रात्री दवाखान्यात बसला. माझ्या नातीला अपूर्णांक त्यानं शिकवले, शाळेला जमलं नव्हतं. सातबारा कसा वाचतात, माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करतात, अपील किती दिवसांत करायचं, हे सगळ्या बिल्डिंगला तोच सांगायचा. यादी म्हणून दाखवताना माझ्याच लक्षात आलं की मी उत्तेजनार्थ बक्षीस वाटते आहे. भाकरी थापायला शिकायला कुणी परभणीहून पुण्याला येत नाही. त्याला हवं होतं ते मिळालं नाही, ही गोष्ट कितीही भाकरी थापल्या तरी तशीच राहते.

माझी एक बँकेतली मैत्रीण तिच्या भाचीला भेटायला येरवड्याला डेक्कन कॉलेजात निघाली होती, तिच्याबरोबर मी गेले. भाची तिथल्या संस्कृत कोशाच्या कामावर आहे. पुण्यात राहून मी कधी ते पाहिलं नव्हतं. आपल्याकडे तसंच असतं, पर्वतीसुद्धा पाहुणे आले की चढायची. हे काम १९४८ मध्ये डॉ. सुमित्र कत्रे यांनी सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द, प्रत्येक शब्द कुठे, कोणत्या अर्थानं आला त्याची एकेक चिठ्ठी. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या. लोखंडी कपाटांच्या रांगा आणि त्यांत लहान लहान खण. एक खण ओढून भाचीनं दाखवला. पिवळट झालेले चौकोनी कागद, त्यांवर दौत-टाकानं लिहिलेलं सुरेख देवनागरी, कुठे शाई पसरलेली, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा डाग. खण ओढल्यावर जुन्या कागदाचा आणि डांबरगोळीचा वास आला. डॉ. घाटगे प्रधान संपादक असताना, १९७६ मध्ये, पहिला भाग छापून बाहेर पडला. म्हणजे सुरुवातीपासून अठ्ठावीस वर्षांनी. मी विचारलं, "आता कुठपर्यंत आलंय?" ती हसून म्हणाली, "अ." मला वाटलं चेष्टा करते आहे. पस्तिसाच्या आसपास खंड झाले, आणि अजून पहिलंच अक्षर चाललंय. 'ह' पर्यंत पोचलेला कोश आज तिथे काम करणाऱ्यांपैकी कुणी पाहणार नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दुपारी डबे उघडतात, हात धुतात, पुन्हा खण ओढतात.

येताना रिक्षात मी गप्प होते. वाटत होतं, मिळालं उत्तर, त्याला फोन करून हेच सांगू. भांडारकर संस्थेचंही आठवलं. विष्णु सुकथनकर आधी केंब्रिजला गणित शिकलेले, १९२५ मध्ये त्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रं हातात घेतली, ठिकठिकाणच्या पोथ्या ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या, आदिपर्व आणि आरण्यकपर्व संपादून पूर्ण केलं आणि १९४३ च्या जानेवारीत गेले. काम संपलं १९६६ ला. मधे बेलवलकर आले, वैद्य आले. तेवीस वर्षं त्यांच्यामागे ते चालूच राहिलं. ही माणसं आठवली की छाती भरून येते, आणि पुण्याचा म्हणून जो काही उरलासुरला अभिमान आहे तो इथूनच येतो, मिसळीतून नव्हे.

बंडगार्डनच्या पुलावर सिग्नलला रिक्षा थांबली आणि माझं समाधान विरायला लागलं.

कारण सुकथनकरांची वर्षं कशात धरायची हा प्रश्न कुणाला पडतच नाही. त्यांचं नाव खंडावर छापलेलं आहे. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांची नावं सगळ्यांना ठाऊक नसतील, पण त्यांची चिठ्ठी खणात आहे, खणाला अक्षर आहे, आणि महिन्याच्या शेवटी, थोडा का होईना, पगार होता. आमच्या मुलानं सात वर्षांत जे काही लिहिलं ते कुठल्या खणात आहे? ज्या उत्तरपत्रिकांचे मार्क पुरले नाहीत त्या, नोट्सच्या वह्या, चुकलेल्या अँसर की. वह्या तर त्यानं जाताना पेरूगेटपाशी जुन्या पुस्तकवाल्याला दिल्या. अपुरं राहिलेलं मोठं काम आणि न झालेलं काम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव छापल्या गेलेल्यांचे दाखले देऊन बाकीच्यांचं समाधान करण्यात एक सफाईदार फसवणूक असते. मी फोन केला नाही.

मग सासूबाई आठवल्या, आणि त्या आठवल्या की सोपं काहीच राहत नाही. त्या नारायण पेठेत राहत असताना १९६१ चं पानशेत झालं. बारा जुलैला सकाळी घरातलं धान्य, कपाट, लग्नातला शालू, सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल. शालू त्यांनी चिखलातून उपसून काढला, विहिरीवर सात-आठ पाण्यांतून काढला, तरी जरीतली माती गेली नाही. नेसण्याजोगा राहिला नाही म्हणून त्याची गोधडी शिवली. ती गोधडी माझ्या मुलांच्या पाळण्यापर्यंत टिकली. पावसाळी हवा झाली की तिच्यातून ओल्या गाळाचा एक वास सुटायचा, आणि सासूबाई म्हणायच्या, "नदी आली." बास, एवढंच. पुढे कुणी पानशेतचं विचारलं तर त्या, शेजारच्या कुणी कुणाचं पातेलं परत केलं नाही, ते सांगायच्या. त्यांच्या शेवटच्या आजारात एकदा दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. कशी कोण जाणे, विचारून बसले, "आई, कसं गेलं हो आयुष्य?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "गेलं म्हणजे? अजून आहे की." मी हसले, त्याही हसल्या, आणि हा किस्सा आमच्या घरात शंभरदा सांगून झाला आहे. ऐकणारे म्हणतात, वा, काय शहाणपण! असेल. पण मी त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली आहेत की मला दुसरीही शंका येते. सकाळी सहा ते रात्री दहा त्या कुणाची तरी वाढणी, कुणाची तरी औषधं, कुणाचं तरी सोवळं यांत होत्या. अर्थबिर्थ विचारायला फुरसत लागते असं म्हणतात. फुरसत तर लागतेच, पण त्याहून जास्त परवानगी लागते. आपण जे जगतो त्यातून आपल्याला काही मिळायला हवं होतं, असं मनात आणण्याची परवानगी. ती सासूबाईंना कुणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. त्या मुलाला निदान प्रश्न विचारता आला, मोठ्यानं, दातातली दोरी काढून. शंभरदा सांगितलेल्या त्या किश्शापेक्षा मला आता हे जास्त धीराचं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी वाटतं, नाही, सासूबाईच बरोबर होत्या. असं चाललं आहे.

आषाढाच्या तोंडावर पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या. माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. आमच्या ओट्यावर दरवर्षीप्रमाणे वारकरी टेकले. त्यांच्यातला एक म्हातारा सांगत होता, गेल्या खेपेला रांग एवढी होती की कळसाचं दर्शन घेऊन माघारी आलो. वीसेक दिवस चालून गाभाऱ्यात न जाता परत. तरी त्याला कुणी 'वारी फुकट गेली' म्हटलं नसणार. वारीत कट-ऑफ नाही. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला आणि लगेच हेही वाटलं की त्याची तिकडे पेरणी झालेली होती, घरी मुलं-सुना होती, म्हणून कळसावर भागलं. दोन मार्कांनी हुकलेल्याला कळस दाखवून काय उपयोग.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. प्रश्नासाठी नव्हे. सोयाबीन काढून झालं होतं, हरभऱ्याची पेरणी चालली होती, आणि घरची तूर निघाली की डाळ करून थेट पुण्यात द्यायचा त्याचा विचार होता. आमच्या बिल्डिंगमधून किती किलोची ऑर्डर मिळेल? मी खालच्या मजल्यासकट सगळ्यांचा अंदाज सांगितला. पालिशवाली नको, घरगुती हवी, हेही बजावलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "अरे, तुझ्या त्या प्रश्नाचं काय झालं?"

"कोणत्या ओ काकू?"

मी सांगितलं. गादी, दोरी, सात वर्षं. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो जरा थांबून हसला. "असं म्हनलो होतो का मी? डोकं जाग्यावर नसंल त्या दिवशी." आणि पुन्हा डाळीवर आला, पाच किलोचं पॅकिंग करू की दहाचं.

खरं सांगायचं तर मला राग आला. इतके महिने मी त्याचं ओझं वाहिलं, श्लोकवाल्या साहेबांशी भांडले, येरवड्यापर्यंत जाऊन आले, आणि हा मूळ मालक म्हणतो की असं काही मी दिलंच नव्हतं. तो विसरला म्हणजे तो सुखात आहे असंही मी धरत नाही. विसरणं म्हणजे उत्तर नव्हे. कदाचित रात्री पाणी द्यायला शेतात जाताना त्याला आठवत असेल आणि बाईमाणसाला फोनवर काय सांगायचं म्हणून टाळलं असेल. पण एवढं खरं की फोन ठेवल्यावर प्रश्न माझ्याच घरात होता, आणि त्याला दुसरा कुणी वारस नव्हता. तो त्याचा नव्हताच बहुतेक. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली आहेत. मुलं आपापल्या शहरांत आहेत. सकाळी फिरून आल्यावर साडेनऊ ते बारा या वेळात मी कुणाला हवी असते, हे मला कुणी विचारलेलं नाही आणि मीही कुणाला सांगितलेलं नाही.

बँकांनी कुठले कागद किती काळ जपायचे याचे १९८५ चे नियम आहेत. काही पाच वर्षं, काही आठ. निवृत्तीच्या आधी आमच्या शाखेचं जुनं दप्तर निकाली काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. शाखेत कधीच कॉम्प्युटर आले होते आणि हातानं लिहिलेली ती लेजरं मागच्या खोलीत, जिन्याखाली, धूळ खात पडली होती. मुदत केव्हाच टळलेली. पोती भरायची, वजन करायचं, लगद्यासाठी न्यायला माणूस येणार. एका पोत्याचं तोंड बांधायच्या आधी एक लेजर मी उघडलं. माझंच अक्षर. बचत खातं, कुणा विधवा बाईचं, सहीच्या जागी अंगठा, शिल्लक अकरा रुपये चाळीस पैसे. शेजारी माझी लाल टिक. ही बाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायची, मी तिची पैसे काढायची स्लिप भरून द्यायचे, आणि पैसे मिळाल्यावरही ती पंख्याखाली बाकावर बराच वेळ बसून राहायची. त्या पानावर एका संध्याकाळी फरक सापडला होता, हेही आठवलं. नऊनं भाग गेला होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि सापडल्यावर आमच्या कॅशियरनं काउंटरवर ढोलकी वाजवल्यासारखं केलं होतं. ज्यासाठी आम्ही रात्र केली ते पान आठ वर्षांनी लगद्यात जाणार, हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. नियम नोटीस बोर्डावर लावलेला होता.

मी लेजर मिटून पोत्यात टाकलं. मग नष्ट केलेल्या दप्तराचं म्हणून एक वेगळं रजिस्टर असायचं, त्यात नोंद केली: लेजर, क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, मुदत संपली म्हणून. खाली सही. गंमत म्हणजे हे रजिस्टर मात्र जपून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. जेवायची सुट्टी झालीच होती. हात साबणानं दोनदा धुतले तरी धूळ नखांत राहिली. लोन सेक्शनमधल्या मुलीनं भरली वांगी आणली होती, तिच्या सासूच्या हातची, कारळाचं कूट घातलेली. मी दोन मागून घेतली, आणि कृतीही विचारून घेतली.